हातात दिलं तेवढंच

“मगदूमबाई, पिशवी काढून टाका,” आठल्ये सर म्हणाले.

मी डबा उघडत होते. माझी कापडी पिशवी त्यांच्या कीबोर्डला टेकून पडली होती, ती उचलून मी खाली ठेवली. सरांनी मान हलवली.

“ती नाही हो. आपली. प्रोग्राममधली.”

मी भाकरी तशीच डब्यात ठेवली. घरातल्या कर्त्या माणसाने जेवता जेवता सहज म्हणावं की ही मधली भिंत पाडू या, आणि त्याच भिंतीवर सगळं छप्पर असावं, तसं ते बोलणं होतं.

सांगली-मिरज रस्त्यावर, बॅटऱ्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. माणसं दोन. सर पूर्वी पॉलिटेक्निकला शिकवायचे, ती नोकरी सोडून त्यांनी हे सुरू केलं होतं. मी आले ती पत्रं टाइप करायला. पत्रं फार नसत, म्हणून मी समोर दिसेल ते वाचायची, आणि समोर सरांचा कोड असायचा. सरांनी मला प्रोग्रामिंग शिकवलं असं लोक म्हणतात. खरं म्हणजे त्यांनी मला अडवलं नाही, आणि माझ्यासारखीला तेवढं पुरलं. काही वर्षांनी पत्रं बंद झाली आणि समोरासमोर टेबलं लावून आम्ही दोघं कोड लिहायला लागलो.

आमच्याकडे एका वाचनालयाची वगैरे बारीकसारीक कामं बरीच होती, पण ऑफिस चालायचं ते मिरजेच्या एका ट्रस्टच्या रक्तपेढीवर. तिथला सगळा कारभार आमच्या प्रोग्रामवर, आणि त्या प्रोग्रामच्या मधोमध ‘पिशवी’. रक्ताची पिशवी. सरांच्या पद्धतीत ती नुसती माहिती नव्हती, वस्तू होती. तिचा गट, तिची तारीख, ती कुठल्या फ्रीजमध्ये आहे, कुणासाठी राखून ठेवली आहे, हे सगळं तिचं तिच्या पोटात. सर म्हणायचे, वस्तूच्या पोटात हात घालायचा नाही. तिला विचारायचं, ती सांगेल. तिला सांगायचं, ती स्वतःला बदलेल. हा नियम ते घरीसुद्धा पाळत. बायकोचं, म्हणजे कुंदावहिनींचं, कपाट त्यांनी जन्मात उघडलं नव्हतं, स्वतःचे रुमालही ते वहिनींना विचारूनच घेत. वहिनी म्हणायच्या, याला तुमच्यात काय म्हणतात ते मला माहीत नाही, आमच्यात आळशीपणा म्हणतात.

तर ती पिशवी काढायची होती, आणि त्याला कारणही होतं. त्याच उन्हाळ्यात रक्तपेढीत एक घोळ झाला. काही मुलांना जन्मभर, दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्यातल्या तनुजा नावाच्या मुलीसाठी एक पिशवी राखून ठेवलेली. पण पेढीच्या दोन खिडक्यांवरच्या दोन स्क्रीनवर एकाच वेळी तीच पिशवी उघडी होती. एका खिडकीने तिला सांगितलं, तू तनुजाची. दुसरीने सांगितलं, तू अपघाताच्या पेशंटची. पिशवीने दोघींचंही ऐकलं आणि शेवटी बोलणारीची झाली. तनुजा आणि तिचे वडील जतहून आलेले. संध्याकाळपर्यंत मुलगी बाकावर पडून होती, दुसऱ्या दिवशी रक्त मिळालं. पेढीच्या प्रमुख डॉक्टर मुजावर आमच्यावर ओरडल्या नाहीत, तेच मला जास्त लागलं. ट्रस्टने मात्र कळवलं की दिवाळीच्या आत नीट करून द्या, नाहीतर पुण्याच्या एका कंपनीचं तयार पॅकेज घेतो.

पेढी गेली की ऑफिस गेलं, हे आम्हाला दोघांनाही न बोलता कळलं होतं. ऑफिस गेल्याचं दुःख मला झालं असतंच. पण सकाळी जिना चढून आल्यावर समोरच्या टेबलाशी सर नाहीत, ही कल्पनाच मला करवत नव्हती.

माझं म्हणणं होतं, पिशवीला कुलूप लावू. एक खिडकी बोलत असेल तेव्हा तिने दुसरीचं ऐकायचं नाही. चार ओळींचं काम. सरांनी ते ऐकूनही घेतलं नाही. पिशवी नकोच, म्हणाले. पिशवी म्हणजे फक्त लिहून ठेवलेली माहिती, आणि ती कधी बदलायची नाही. काही घडलं की नव्या माहितीचा नवा तुकडा करायचा, जुना तसाच राहू द्यायचा. बाकी सगळी नुसती फंक्शनं, म्हणजे छोट्या छोट्या कृती. हातात दिलं तेवढ्यावर काम करून उत्तर परत देणारी, मागचं काही लक्षात न ठेवणारी.

आता हे नवीन होतं असं नाही. या पद्धतीने लिहिणारे लोक जगात पुष्कळ आहेत, आणि इतकी वर्षं सरच त्यांना हसत आले होते. ‘संसार नको असलेली मंडळी’ म्हणायचे त्यांना. वस्तू नको, तिचं बदलणं नको, कुणाशी नातं नको, आले तसे हात हलवत परत. आणि आज स्वतःच कमंडलू घेऊन उभे.

“सर, हल्ली कुणाचे व्हिडिओ बघताय?” मी विचारलं.

“बघतोय कुणाचे तरी,” ते म्हणाले आणि स्क्रीनकडे वळले.

पुढचे सगळे महिने आम्ही भांडलो. आमचं भांडण म्हणजे आवाज चढवणं नव्हे. मी माझ्या पद्धतीने एक तुकडा लिहून त्यांच्या स्क्रीनवर पाठवायची, ते त्यांच्या पद्धतीने तोच लिहून परत पाठवायचे. मी म्हणायची, तुमच्या एका फंक्शनच्या हातात किती गोष्टी द्याव्या लागतात बघा, लग्नाच्या याद्या बऱ्या. पिशवीला विचारलं असतं तर एका शब्दात काम झालं असतं. एकदा ते यावर थोडं चिडलेच.

“पिशवी आत्ता काय आहे तेवढंच सांगते, बाई. मघाशी काय होती, ते तिला माहीत नसतं. ती बदलली की आधीची गेली. गेली ती गेलीच. परत कुणाला विचाराल?”

“मग भरवसा कशावर ठेवायचा?”

“हातात आहे त्यावर,” ते म्हणाले. इतकं हळू म्हणाले की मला वाटलं, हरत आले.

आणि खरं सांगायचं तर त्यांचा कोड इतका स्वच्छ पूर्वी कधीच नव्हता. एकेक फंक्शन जेमतेम दहा ओळींचं. आधी सर अडाणी नावं द्यायचे, क, ख, ग. आता नावं अशी की वाचताच कळावं, आत काय येतंय आणि बाहेर काय जाणार. प्रत्येकाच्या वर दोन ओळींत लिहिलेलं, हे कशासाठी आहे. प्रत्येकाला तपासून बघायची छोटी चाचणी शेजारीच. मी एक फंक्शन उघडलं की दुसरं कुठलंही न उघडता ते कळायचं. मनातून मला मान्य करावंच लागत होतं की तनुजाचा घोळ या रचनेत होऊच शकत नव्हता. माहिती बदलतच नाही म्हटल्यावर दोन खिडक्या तिला बदलणार कशा.

बाकीच्या गोष्टी मी बघत होते, पण वेगळ्याच खात्यात टाकत होते. सर स्कूटर सोडून चालत यायला लागले. मला वाटलं, साखर वाढली असणार. फोन घेईनासे झाले. मला वाटलं, काम सोडून बोलायचं नसेल. काही सांगायला गेलं की म्हणायचे, पहिल्यापासून सांगा, सगळं सांगा, मध्येच सुरुवात नको. मला वाटलं, नवी पद्धत अंगात भिनली. मी कुंदावहिनींना हसत सांगितलंसुद्धा की सर आता बोलतातही फंक्शनसारखं. वहिनी हसल्या नाहीत. चहा गाळत राहिल्या.

गणपती होऊन गेल्यावर डॉक्टर मुजावर आल्या. काम कुठवर आलंय ते ट्रस्टला सांगायचं होतं. मी त्यांना दोन्ही रचना स्क्रीनवर दाखवायला लागले, तर त्या म्हणाल्या, “सुनंदाताई, कोडमधलं मला काय कळतंय? खुर्च्या मांडा की तुमच्या.”

ही आमची ऑफिसातली जुनी रीत होती. कोड लिहायच्या आधी खुर्च्या मांडायच्या आणि एकेकाने एकेक वस्तू व्हायचं. कुणी फ्रीज, कुणी खिडकी, कुणी पिशवी. आपली माहिती आपल्या डोक्यात ठेवायची. कागद चालत नाही. दुसऱ्याकडचं हवं असेल तर त्याला नाव घेऊन विचारायचं. असं दहा मिनिटं खेळलं की रचनेत कुठं अडतंय ते आपोआप कळतं. पहिल्यांदा पेढीचं काम घेतलं तेव्हा डॉक्टर फ्रीज झाल्या होत्या आणि इतक्या मनापासून झाल्या होत्या की वीज गेल्याचं सांगितल्यावर घामाघूम व्हायचा अभिनय केला होता.

सर म्हणाले, नको आता, वेळ जातो. डॉक्टर म्हणाल्या, एकदाच, माझ्यासाठी. मला आनंदच झाला. खुर्च्यांचा खेळ हा वस्तूंचा खेळ, तिथं माझी बाजू दिसणार होती. मी तीन खुर्च्या ओढल्या. सर नेहमीप्रमाणे पिशवी. मी खिडकी. डॉक्टर वॉर्ड.

“पिशवी, तुझा गट?” डॉक्टरांनी विचारलं.

“बी पॉझिटिव्ह,” सर म्हणाले. खेळात ते नेहमी असेच गंभीर असायचे.

मी सांगितलं, पिशवी, तू आता तनुजासाठी राखीव. ते म्हणाले, झाले. मग डॉक्टरांनी तिला दुसऱ्या फ्रीजमध्ये हलवलं. ते म्हणाले, हलले. खाली बॅटरीच्या दुकानात कुणीतरी चार्जर सुरू केला, त्याची घरघर जिन्यातून वर यायला लागली.

“पिशवी, तू कुणासाठी राखीव आहेस?” डॉक्टरांनी विचारलं.

सर पासपोर्टच्या फोटोला बसावं तसे दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. मला वाटलं, हा त्यांचा मुद्दा. वस्तूवर विसंबलं की काय होतं, ते दाखवतायत.

“बघा डॉक्टर, सर आता नाटक करणार,” मी म्हटलं.

डॉक्टरांनी प्रश्न पुन्हा विचारला. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मुद्दा जिंकणाऱ्या माणसाची नजर मला माहीत होती, इतकी वर्षं बघितली होती. ही ती नव्हती.

“मला सांगितलं होतं का?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आत्ताच तर. मग त्यांच्या कपाळावर घाम दिसला.

“मगदूमबाई,” ते म्हणाले, “असं आठवायला लावू नका. हातात द्या ना मला. सगळं हातात द्या, मी बरोबर सांगतो. एकदाही चुकत नाही. तुम्ही बघितलंय.”

डॉक्टर उठून त्यांच्याजवळ गेल्या. त्यांनी सरांचं मनगट धरलं, जणू तिथल्या नाडीत काही सापडणार होतं. मग अगदी साध्या आवाजात, आज सकाळी नाश्त्याला काय होतं वगैरे विचारू लागल्या.

“ते कुंदाला विचारा,” सर नम्रपणे म्हणाले. “ते तिच्याकडे असतं.”

त्या दिवशी खुर्च्या कुणी जागेवर ठेवल्या ते मला आठवत नाही. सर टेबलाशी जाऊन बसले आणि राहिलेलं फंक्शन लिहू लागले. ते बरोबर आलं.

आजाराशी माणसं हजार तऱ्हांनी वागतात, नाकारतात, रडतात, देवाला जातात. त्याच्याशी चार महिने रचनेच्या प्रश्नावर वाद घालणारी मी एकटीच असेन. मला ते त्यांचं मत वाटलं होतं. आणि मत चुकीचंही नव्हतं, हीच तर त्यातली गंमत.

मी कुंदावहिनींकडे गेले. त्या मेथी निवडत होत्या. मी काही बोलायच्या आतच म्हणाल्या, “कळलं का तुला?”

त्यांना वर्षभरापासून माहीत होतं. पुण्याला दाखवून आले होते. हे वाढतच जाणार, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. सरांनी वहिनींना शपथ घातली होती, मगदूमबाईंना सांगायचं नाही. म्हणाले, सांगितलं तर त्या माझं काम स्वतः करून टाकतील आणि मला नुसतं बसवून ठेवतील. मला राग आला, पण त्यांचं खरं होतं. मी तसंच केलं असतं, मायेने केलं असतं.

“एके दिवशी फार खुशीत आले घरी,” वहिनी सांगत होत्या. “म्हणाले, कुंदा, अशी एक पद्धत आहे की वरची ओळ विसरली तरी खालची चुकत नाही. मी म्हटलं, बरं झालं. मला काय कळतंय त्यातलं. पण त्या दिवशी जेवले नीट.”

दुसऱ्या दिवशी मी पिशवी काढून टाकली. सरांना सांगितलं, तुमची रचना घेऊ, मला पटलं. त्यांनी विचारलं, खेळात काय दिसलं तुम्हाला? मी म्हटलं, तुमचंच बरोबर दिसलं. सर समाधानाने हसले.

मग आम्ही जसं काम केलं तसं पूर्वी कधी केलं नव्हतं. सकाळी ते यायचे तेव्हा मी एकच लहानसं काम त्यांच्यासमोर ठेवायची. यात हे येणार, यातून हे बाहेर पडायला हवं, मध्ये हा नियम. मागचं पुढचं काही नाही. दुपारपर्यंत त्यांचं डोकं लखलखीत असायचं. कधी कधी माझा नियमच चुकलेला असायचा आणि ते मला थांबवायचे, “बाई, हे असं कसं? पिशवीची मुदत संपलेली असेल तर?” अशा वेळी मला वाटायचं, पुण्याचे डॉक्टर चुकले असतील. जेवण झालं की ते स्क्रीनकडे बघत बसायचे आणि मी त्यांना वाचनालयाचं काहीतरी साधं काम द्यायची.

फंक्शनं त्यांची. ती एकत्र जोडायची, काय घडून गेलं ते एका जागी साठवायचं, ते काम माझं. दिवाळीच्या बऱ्याच आधी सगळं तयार झालं. डॉक्टरांनी स्वतः दोन खिडक्यांवर माणसं बसवून ते मोडायचा प्रयत्न केला. तनुजाची पिशवी तनुजालाच गेली, प्रत्येक वेळी.

निकाल ऐकायला मी एकटीच मिरजेला गेले. पेढीतल्या काचेच्या खोलीत डॉक्टर पेनाचं टोपण काढत आणि लावत बसल्या होत्या.

“असा प्रोग्राम मी बघितला नाही, सुनंदाताई. पण कुणी लिहिलाय ते मला ट्रस्टला सांगावं लागेल.”

मी म्हटलं, सांगा की. म्हटलं, त्यात त्यांचं विसरणं कुठंच नाहीये. प्रोग्राम सरांच्या आठवणीवर एका ओळीनेही टेकलेला नाही, त्यांनी तशी जागाच ठेवलेली नाही. प्रत्येक तुकडा कुणीही वेगळा काढून तपासावा.

“मला पटतंय,” त्या म्हणाल्या. “ट्रस्टच्या लोकांना पटणार नाही. लहान मुलांचं रक्त आहे, आणि लिहिणाऱ्याला सकाळचा नाश्ता आठवत नाही. तुम्ही त्यांच्या जागी असता तर?”

मी माझी कापडी पिशवी उचलली आणि परत आले.

पुण्याचं पॅकेज आलं. आमचा प्रोग्राम एक दिवसही चालला नाही. हिवाळा संपेपर्यंत ऑफिस बंद झालं आणि खालच्या दुकानवाल्याने वर बॅटऱ्या भरल्या. मी वाचनालयाचं वगैरे काम घरून करायला लागले आणि दर गुरुवारी सरांकडे जायला लागले.

“रक्तपेढीचं काय झालं?” पहिल्या गुरुवारी त्यांनी विचारलं. मी खरं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत लावला.

“मग त्या मुलांचं काय?”

मी म्हटलं, दुसऱ्यांचा प्रोग्राम आहे. त्यांनी विचारलं, त्यात पिशवी बदलते का? मी म्हटलं, बदलते. त्यांची हनुवटी थोडी हलली आणि ते भिंतीकडे बघत राहिले.

पुढच्या गुरुवारी त्यांनी तेच विचारलं. मी तेच सांगितलं. चष्मा, सदऱ्याचं टोक, मग त्या मुलांचं काय, हनुवटी. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. आपलं दुःख ऐकून ऐकून झिजतं. त्यांचं एका धाग्यानेही झिजत नव्हतं. तेच हातात दिलं की तेच परत येत होतं. आत वहिनी नळ बंद करून उभ्या राहायच्या, एवढं मला ऐकू यायचं.

मग एकदा मी म्हटलं, “चालू झालं, सर.”

“मुलांना दिलं?”

“आज सकाळीच. दोन्ही खिडक्या उघड्या होत्या. काही बिघडलं नाही.”

सर इतके हसले की वहिनी बाहेर आल्या. त्यानंतर दर गुरुवारी मी तेच सांगत गेले आणि ते दर वेळी तसंच, नव्याने हसत गेले. खोटं बोलायला मला फक्त पहिल्यांदा जड गेलं. नंतर मी रस्त्यातच एखादा नवा तपशील जुळवून न्यायची. आज एक मुलगा इस्लामपूरहून आला होता. आज वीज गेली होती, तरी काही झालं नाही.

पुढं पुढं हे एवढं पुरेना. आधी रक्तपेढी म्हणजे काय ते सांगावं लागायचं, मग ही मुलं कोण ते, मग पिशवीचं. हातात द्यायचं वाढत चाललं होतं आणि परत येणारं कमी होत चाललं होतं. शेवटच्या उन्हाळ्यात एकदा मी लॅपटॉप घेऊन गेले आणि त्यांचं एक फंक्शन उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. ते बराच वेळ वाचत होते. बोट ओळीवरून सावकाश सरकत होतं. मग त्यांनी एकदा मान हलवली, जशी पूर्वी चांगलं काही वाचल्यावर हलवायचे.

“कुणी लिहिलंय हे?” त्यांनी विचारलं.

“तुम्हीच की, सर.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उगाच कौतुक करणाऱ्या पाहुण्याकडे बघावं तसं, सभ्यपणे. पुन्हा स्क्रीनकडे वळले.

“नाही हो,” ते म्हणाले. “पण ज्याने लिहिलंय त्याला माझा निरोप द्या. म्हणावं, छान काम केलंयत.”

मी म्हटलं, देते.